दहिवली नाक्यावरचा फळा

मी एक जुना फळा आहे. दहिवलीच्या नाक्यावर, संतोषच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीला दोन जाड खिळ्यांवर टांगलेला. मित्रांनो, तुमच्या वर्गात आता पांढरे गुळगुळीत फळे असतात. काही शाळांत तर टीव्हीसारखे उजळणारे फळे आले आहेत म्हणे. त्यांच्या पंगतीला मला कोणी बसवणार नाही. माझं लाकूड सागाचं असलं, तरी एका कोपऱ्याला वाळवीनं चाखून पाहिलेलं आहे, आणि गिरणीचं पीठ उडून उडून माझ्या चौकटीच्या खाचा कायमच्या पांढऱ्या झाल्या आहेत.

कर्जतच्या एका सुतारानं मला घडवलं आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. तिथं सत्तावीस वर्षं काढली. गुरुजी माझ्यावर पाढे लिहीत, आणि गुरुजी बाहेर गेले की मुलं माझ्यावर गुरुजींचं नाक काढत. दिवस बरे होते. पुढे शाळेला नवे फळे आले आणि माझी रवानगी खिचडी शिजवण्याच्या शेडमागे झाली. तिथं मी पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून पडून राहिलो. माझ्यावर कोंबड्या बसत. ज्याच्यावर कधी काळी सगळ्या वर्गाचे डोळे लागलेले असत, त्याला पाठीवर कोंबडी बसल्यावर काय वाटत असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

अशात एका सव्वीस जानेवारीला झेंडावंदनासाठी सुभेदार पोपट कराळे शाळेत आले. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून ते नुकतेच गावी परतले होते. पेढा खाऊन हात धुवायला म्हणून ते पिंपाकडे आले, आणि पाणी घ्यायचं सोडून माझ्याकडेच बघत राहिले.

"हा मोडीत काढलाय का?" त्यांनी गुरुजींना विचारलं.

"न्या की, सुभेदार. बंबात घालायला होईल."

"बंबात?" सुभेदार म्हणाले. "याच्यापुढं बसून अक्षरं शिकलेल्या पोरांना मी फौजेत भरती केलंय." एवढंच बोलून त्यांनी मला सायकलला बांधलं.

नाव पोपट असलं तरी माणूस भारी अबोल होता. फौजेत ते सिग्नल्समध्ये होते, म्हणजे एका तुकडीचा निरोप दुसऱ्या तुकडीला पोचवणं हे त्यांचं काम. तारा ओढायच्या, तुटल्या तर जोडायच्या, बर्फात, चिखलात, जिथं असतील तिथं. गावी आल्यावर त्यांनी पाहिलं की निरोप पोचत नाहीत ही इथलीही अडचण आहे. रेशनचा तांदूळ येतो आणि संपून जातो, मग डोंगरातल्या वाडीवर त्याची बातमी लागते. कुत्रं चावल्यावरची लस दवाखान्यात येते, पण ज्याला कुत्रं चावलंय तो घरी हळद लावून बसलेला असतो. म्हणून त्यांनी कोळशाची पूड आणि वालाच्या पाल्याचा रस लावून मला काळं केलं आणि नाक्यावर, सगळ्यांच्या वाटेवर, गिरणीच्या भिंतीवर टांगलं.

रोज सकाळी सहाला ते येत. ओल्या फडक्यानं मला पुसत, आणि मोठ्या, सरळ, टोपी घातल्यासारख्या अक्षरात त्या दिवसाचे निरोप लिहीत. उद्या नळाला पाणी उशिरा. डोळ्यांचा डॉक्टर गुरुवारी. एका बाळंतिणीला रक्त हवं आहे, गट अमुक. नवशाची करडी गाय हरवली आहे, उजवं शिंग मोडकं. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला मात्र माझ्यावर जागा नव्हती. एकदा एकानं फार गळ घातली, तर सुभेदार म्हणाले, "आधी त्यांना वाढदिवसादिवशी रक्त द्यायला सांगा, मग ते लिहितो."

पण मित्रांनो, लिहिणारे पुष्कळ असतात. सुभेदारांची खरी खुबी खाली होती. माझ्या खालच्या कडेला त्यांनी पांढऱ्या रंगानं चार चौकोन आखले होते, डोंगरातल्या चार वाड्यांचे. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून प्रत्येकात एक चित्र. भोकरवाडीच्या चौकोनात भोकराचं फळ, दुसरीच्या चौकोनात मोहाचं पान, असं. वाडीवरचं जे कोणी सकाळी भाजी, लाकूड, मध घेऊन नाक्यावर येई, त्यानं निरोप कुणाकडून तरी वाचून घ्यायचा, पाठ करायचा आणि आपल्या चौकोनात खडूची एक रेघ मारायची. रेघ म्हणजे 'निरोप घेतला, वाडीवर पोचवतो'. दुपारी बारापर्यंत ज्या चौकोनात रेघ नसेल, त्या वाडीवर सुभेदार स्वतः जात. पायथ्यापर्यंत सायकल, पुढं चढण पायी. संध्याकाळी परत येऊन ती रेघ ते आपल्या हातानं मारत आणि मगच घरी जेवायला जात.

लोक हसत. 'फळेवाले सुभेदार' असं नावही पाडलं होतं. संतोष एकदा गिरणीचा पट्टा चढवता चढवता म्हणाला, "काका, लिवलं की झालं काम. कशाला एवढी पायपीट करता?"

सुभेदारांनी हातातला खडू खाली ठेवला. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "लढाईत एकदा मी निरोप पाठवला. मिळाला का, ते उलट विचारलं नाय. लाईन चालू होती, म्हटलं मिळालाच असणार. दोन पोरं परत आली नाय, संतोष." त्यानंतर संतोषनं तो विषय कधी काढला नाही.

सुभेदारांच्या बायकोचं नाव चंद्राबाई. त्यांचं माझ्याशी मुळीच पटत नसे. दळण घेऊन आल्या की माझ्यासमोर उभ्या राहून त्या सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असं म्हणत, "ही बघा माझी सवत! हिच्यावर रोज पानभर बोलतात, आन घरी दोन शब्दांच्या वर तोंड उघडत नाय." लोक हसायचे, सुभेदार खडू झटकायचे. मला आतून फार बरं वाटायचं. कोणाची सवत होण्याइतकं महत्त्व मला कोंबड्यांनी कधी दिलं नव्हतं.

अशी जवळजवळ चोवीस वर्षं गेली. मोबाइल आले, मग मोबाइलवर ग्रुप आले. माझ्यासमोर थांबणारी माणसं कमी होत गेली. चालता चालता मान वळवून बघत, तेही फोनवर बोलत बोलत. पण वाड्यांवर फोनला रेंज नव्हती, म्हणून चार चौकोन भरत राहिले. भोकरवाडीची चिमा, जी डोंगरातली शेवळांची रानभाजी नाहीतर करांद्यांचे कंद पाटीत घेऊन यायची, तिनं तर बारा वर्षांत एकही रेघ चुकवली नाही. तिला अक्षर ओळखता येत नसे. पण एकदा ऐकलेला निरोप ती असा लक्षात ठेवी, की परत म्हणून दाखवताना सुभेदारांचा सुद्धा आवाज काढी.

एका सोमवारी सुभेदार आले नाहीत. माझ्यावर रविवारचा निरोप तसाच होता. मंगळवारीही आले नाहीत. गिरणीतल्या बोलण्यावरून कळलं, की छातीत दुखतंय म्हणून त्यांना पनवेलला नेलं आहे. बुधवारी संतोषनं दहालाच गिरणी बंद केली आणि पट्टा उतरवून ठेवला. दुपारी नाक्यावरून तिरंगा लावलेली गाडी गेली. मागून पुष्कळ माणसं चालत होती. प्रत्येकाला त्यांच्या जाण्याची बातमी फोनवर कळली होती. माझ्यावर ती कोणी लिहिली नाही. कोण लिहिणार? माझ्यावर लिहिणारा एकच माणूस होता. माझ्या चौकटीवर त्यांचा अर्धा खडू पडून होता, तो पुढे वाऱ्यानं कधी तरी खाली पडला आणि एका टेंपोच्या चाकाखाली गेला. एवढ्या गर्दीच्या नाक्यावर मी इतका एकटा आधी कधी नव्हतो.

महिन्याभरानं तरुण मंडळाची मुलं माझ्यासमोर जमली. सुभेदारांसाठी काहीतरी करायचं, असं सगळ्यांच्या मनात होतं. कमान उभारू म्हणाले, पुतळा म्हणाले, आणि शेवटी ऋतिक म्हणाला, "त्यांचा फळा हाय ना. त्याच्यावरच त्यांचं चित्र काढूया. कायमचं. ऑइल पेंटनं. पावसानं पण जाणार नाय."

सगळ्यांना पटलं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मलाही पटलं.

ऋतिक गाड्यांवर नावं आणि देवांची चित्रं रंगवायचा. हात फार चांगला. त्यानं आधी मला घासलं, मग भेगा बुजवायला सगळीकडे लांबीचा लेप दिला. चौकोन त्या लांबीखाली गेले. भोकराचं फळ गेलं, मोहाचं पान गेलं. मग तीन दिवस तो माझ्यासमोर स्टुलावर बसून होता. खडू अंगावर कोरडा, हलका वाटतो. ऑइल पेंट गार आणि जड असतो, आणि एकदा बसला की उठत नाही. तिसऱ्या दिवशी सुभेदारांचा चेहरा पूर्ण झाला. गणवेश, छातीवरची पदकं, डोक्यावर टोपी, आणि डाव्या भुवईतली ती जुनी खोक, तीही ऋतिकनं सोडली नव्हती. खाली पिवळ्या अक्षरांत नाव आणि 'अमर रहे'.

अनावरणाला मोठा कार्यक्रम झाला. हार, भाषणं, घोषणा. बोलणाऱ्या प्रत्येकानं सांगितलं की सुभेदारांचं कार्य पुढं नेलं पाहिजे. मग सगळ्यांनी माझ्यासमोर फोटो काढले. मंडळानं सुभेदारांच्या नावानं एक ग्रुपही सुरू केला, गावातले सगळे निरोप आता तिथंच टाकायचे ठरलं. चंद्राबाई एका खुर्चीवर गप्प बसून होत्या. गर्दी पांगल्यावर त्या उठून जवळ आल्या आणि त्यांनी चित्रातल्या गालाला हात लावला. रंग अजून पुरता वाळला नव्हता. बोटाला लागलेला रंग त्यांनी पुसला नाही, तशाच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी यायला लागल्या. पदराच्या टोकानं चेहऱ्यावरचं पीठ पुसायच्या, उदबत्ती लावायच्या आणि पायरीवर बसून बोलायच्या. आज वालाला शेंगा धरल्या. माधवीचा फोन आला होता, नाशिकला थंडी हाय म्हणते. माधवी म्हणजे त्यांची मुलगी. घराचं कौल फुटलंय, संतोषला सांगितलंय. कधी नुसत्याच बसायच्या. एकदा म्हणाल्या, "आता तरी ऐकून घेता. जित्तेपणी कुठं ऐकलं?" आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला.

घरी सुभेदारांचा दुसरा धड फोटो नव्हता. होता तो पेन्शनच्या पुस्तकावर, बोटाच्या पेराएवढा, जवानीतला. म्हणून त्यांना माझ्याकडे यावं लागे. मला ते दिवस आवडायचे, हे मी लपवत नाही. दिवसभरात माझ्यासमोर थांबणारं तेवढं एकच माणूस होतं. बाकीचे जाता जाता हात जोडायचे आणि पुढं व्हायचे. फळ्याला हात जोडून काय करायचं, मित्रांनो? फळ्यापुढं थांबायचं असतं.

थांबायची ती चिमा. पहिल्यांदा आली तेव्हा पाटी खाली ठेवून तिनं खालच्या कडेवर बोट फिरवलं, आपला चौकोन जिथं असायचा तिथं. बोट गुळगुळीत रंगावरून घसरलं.

"संतोषभाऊ, काय लिवलंय?" तिनं विचारलं.

"सुभेदारांचं नाव लिवलंय, मावशी."

"ते तर आमाला ठावं हाय. आमच्यासाठी काय लिवलंय?"

कोणीतरी दळणाचा डबा पुढं सरकवला आणि गिरणीच्या आवाजात ते बोलणं तिथंच राहिलं. पुढं काही दिवस चिमा येताना विचारत राहिली, मग विचारायचं सोडलं. सुभेदारांना हात जोडून ती माझ्याच खाली पाटी मांडून बसे.

अशी दोन वर्षं गेली.

चिमाची नात तेजश्री भोकरवाडीतली बारावी झालेली पहिली मुलगी. तिला नर्स व्हायचं होतं. मार्क पुरेसे होते, हॉस्टेल मिळणार होतं, अडलं होतं ते जातीच्या दाखल्याशी. पणजोबाचा कुठला कागद कुठल्या कचेरीत सापडत नव्हता. अशाच अडलेल्यांसाठी जूनमध्ये एक शिबिर भरणार होतं, कर्जत आणि खालापूर दोन्ही तालुक्यांचं मिळून. जागा खोपोलीला, शिळफाट्याजवळचं एक सभागृह. दिवस एकच. सगळे अधिकारी एका ठिकाणी बसणार, गावच्या लोकांची साक्ष घेऊन तिथल्या तिथं दाखला देणार. चिमा महिनाभर हेच बोलत होती. "तारीख कळली की पोरीला घेऊन जाणार," असं ती शेवळांच्या प्रत्येक जुडीबरोबर गिऱ्हाइकाला सांगायची.

तारीख आली. सुभेदारांच्या नावाच्या ग्रुपवर आली. ते मला असं कळलं, की एका सकाळी गिरणीत चार जण आपापल्या फोनकडे बघत होते आणि एक म्हणाला, "दाखल्यांचं शिबिर बुधवारी हाय बघ." बाकीच्यांनी फोनवर अंगठा दाखवला, एकानं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. नेमकी त्या दिवशी चिमा आली नव्हती, वाडीवर लावणीची तयारी चालली होती. प्रत्येकाला वाटलं, कोणीतरी सांगेल. मी सगळं ऐकलं, मित्रांनो. माझ्यावर तो निरोप लिहायला चार बोटं जागा नव्हती, आणि असती तरी लिहायला कोण होतं? बुधवार येऊन गेला.

शुक्रवारी सकाळी चिमा आली आणि तिच्याबरोबर तेजश्रीही आली. तेजश्रीच्या हातात प्लास्टिकची फाइल होती, भिजू नये म्हणून दोन पिशव्यांत घातलेली. चंद्राबाई नेहमीप्रमाणे उदबत्ती लावत होत्या.

"दादा, शिबिराची तारीख लागली का?" तेजश्रीनं संतोषला विचारलं.

संतोष हातातलं पीठ झटकत बाहेर आला. "अगं, ते झालं की परवा. ग्रुपवर होतं."

तेजश्रीनं फाइलवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, "वाडीवर रेंज नाय. ठावं हाय ना तुमाला?"

"हाय गं... मला वाटलं ऋतिक सांगंल. त्याला वाटलं असंल मी सांगेन."

"सोमवारपर्यंत कॉलेजात कागद द्यायचेत," ती म्हणाली. "नायतर पुढच्या वर्षी." आणि तिनं फाइल छातीशी धरली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

चिमानं पाटी उतरवली नाही. ती सरळ माझ्यासमोर आली आणि रंगवलेल्या सुभेदारांकडे बघून म्हणाली, "भाऊ, तुमी चढून आला असता. बारा वाजले असते न् तुमी चढून आला असता." एवढं बोलून ती नातीला घेऊन गेली. त्या दिवशी तिनं शेवळं विकलीच नाहीत.

चंद्राबाईंच्या हातातली उदबत्ती जळत जळत बोटांपर्यंत आली, तेव्हा त्यांना भान आलं. त्या दिवशी त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

शनिवारी त्या आल्या नाहीत. रविवारीही नाहीत. चेहऱ्यावर पीठ साचत गेलं. मला वाटलं, आजारी असतील.

सोमवारी आल्या. हातात उदबत्ती नव्हती. लोखंडी कालथा होता, भाकरी उलथायचा. त्यांनी पदर खोचला, आणि सगळ्यात आधी 'अमर रहे' ही अक्षरं खरवडायला घेतली.

रंग जुना झाला होता, तरी सहज निघत नव्हता. पिवळ्या कपच्या उडून पायरीवर पडत होत्या. संतोष धावत बाहेर आला, पण दारातच थांबला. पाच मिनिटांत गर्दी जमली. कोणीतरी ऋतिकला बोलावलं. तो मोटारसायकल तशीच आडवी टाकून आला.

"काकी! काय करताय? सुभेदारांचं चित्र हाय ते! तीन दिस बसून काढलंय मी!"

चंद्राबाईंनी मागं वळून पाहिलं. "चांगलं काढलंस रं बाला. लय चांगलं काढलंस. म्हणून तर दोन दिस लागले मला इथं यायला."

"मग कशाला काढताय?"

"काल रातभर इचार केला," त्या म्हणाल्या. "माणूस गेला तो गेला. पण मी रोज इथं येऊन त्यांचा चेहरा पुसत होते, आन त्या चेहऱ्याखाली त्यांचं काम गाडलेलं होतं. मला कळलंच नाय. तुमी गाडलंत, न् मी वरून उदबत्ती लावली." त्यांनी कालथा परत माझ्यावर टेकवला. "त्या पोरीचं वरीस गेलं रं."

ऋतिकनं मान खाली घातली.

त्यांनी पदकं काढली. खांदे काढले. टोपी काढली. मग हात थांबला. माझ्यावर आता फक्त एक चेहरा उरला होता, काळ्यापिवळ्या ओरखड्यांच्या मधोमध, भुवईतल्या खोकेसकट. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला दुखत नाही असं लोक म्हणतात. त्या वेळी मला मनापासून वाटत होतं, की या बाईंनी आता थांबावं, कालथा खाली टाकावा आणि घरी जावं. उद्यापासून परत यावं, पायरीवर बसावं, वालाच्या शेंगांचं सांगावं. माझ्यापाशी आणखी कोण येणार होतं?

चिमा कधी आली होती कोण जाणे. ती गर्दीतून पुढं झाली आणि तिनं हात पुढं केला. "द्या वयनी. उरलं ते मी काढते."

"नको गं," चंद्राबाई म्हणाल्या. "ह्यांचं असंल ते मीच करणार."

त्यांनी पदराच्या टोकानं तो चेहरा एकदा पुसला. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, आजारी माणसाचं तोंड पुसतात तसा. मग कालथा लावला. डोळे मिटले नाहीत. शेवटपर्यंत बघत होत्या.

दुपारी ऋतिक फळ्याचा काळा रंग घेऊन आला. त्यानं रंगाचे दोन हात दिले आणि सुकेपर्यंत उन्हातच बसून राहिला. संतोषनं फोनवर शोधून काढलं, की असंच एक शिबिर दहा दिवसांनी तालुक्यातल्याच कळंबला आहे. तेजश्रीला त्याचा या वर्षी उपयोग नव्हता. पण भोकरवाडीत आणखी तीन पोरं होती, आणि इतर वाड्यांतही असतील. खडू गावात मिळेना. शेवटी शाळेतून दोन तुकडे आणले.

चंद्राबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी माझ्यावर लिहिलं. अक्षर वाकडं, ओळ उताराला लागलेली, एक शब्द चौकटीबाहेर जायला निघालेला. सुभेदारांनी पाहिलं असतं तर पुसून परत लिहायला लावलं असतं. तरी सगळं वाचता येत होतं. कुठं, कधी, काय काय कागद न्यायचे. लिहून झाल्यावर त्यांनी ते चिमाला दोनदा वाचून दाखवलं, आणि तिच्याकडून एकदा म्हणून घेतलं.

तेव्हापासून माझं काम परत सुरू आहे. कधी चंद्राबाई लिहितात, कधी संतोष, कधी ऋतिक. खालचे चार चौकोनही ऋतिकनं चित्रांसकट पुन्हा आखले आहेत. तेजश्रीचं वर्ष मात्र परत आलं नाही. ती या वर्षी एका गोळ्या-औषधांच्या दुकानात कामाला जाते आणि पुढच्या वर्षीची वाट बघते.

आणि एक खरं सांगायचं राहिलं. चंद्राबाई आता रोज येत नाहीत. येतात त्या लिहायला येतात. लिहितात, खडूचे हात झटकतात आणि जातात. पायरीवर बसत नाहीत. वालाला शेंगा आल्या की नाही, माधवीचा फोन आला की नाही, मला आता काही कळत नाही. ज्याच्याशी बोलावं असा चेहराच माझ्यावर उरलेला नाही. कधी कधी लिहिता लिहिता त्यांचा हात मध्येच थांबतो, जिथं तो गाल होता तिथं. मग त्या पुढचा शब्द लिहितात.

मित्रांनो, तुमच्याही गावात असं कोणी माणूस असेल, जो दुसऱ्यांसाठी पायपीट करतो आणि ज्याला लोक हसतात. तो गेल्यावर त्याचं चित्र जरूर काढा, हारही घाला. पण त्याच्या आधी त्याच्या घरी जा आणि विचारा, की त्याचं कोणतं काम आता कोण करणार आहे. आणि दहिवलीच्या नाक्यावरून कधी गेलात, तर नुसते हात जोडून पुढं जाऊ नका. गिरणीच्या भिंतीपाशी जरा थांबा. माझ्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि ज्याच्यासाठी लिहिलंय त्याच्या कानावर घाला. लिहिण्यासारखं काही तुमच्याकडे असेल तर लिहा. एका बाईंनी आपल्या नवऱ्याचा चेहरा खरवडून माझ्यावर तेवढी जागा करून दिली आहे. ती कोरी राहू देऊ नका.